रंगीत चित्र म्हणजे पुरावा नव्हे

संगणकाच्या पडद्यावर निळे पाणी, त्यातून उठणारी लाल वाफ आणि काचेवर साचणारे थेंब हलताना दिसले की भलेभले प्रश्न विचारायचे विसरतात. आमचे म्हणणे असे की प्रश्न नेमका तिथेच विचारला पाहिजे.

आम्ही समाजशास्त्र शिकलेले, अभियांत्रिकी आमचा विषय नाही. पण आमच्या अभ्यासिकेतल्या, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने खारपाणपट्ट्यासाठी प्रकल्प घेतला, तेव्हा आम्हाला त्यात लक्ष घालावेच लागले. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातले भूजल खारे आहे. त्यावर त्याचा उपाय साधा होता. काळ्या तळाच्या उथळ पेटीत खारे पाणी आणि वर तिरपी काच. उन्हाने पाण्याची वाफ होते, ती काचेच्या आतून पाणी होऊन ओघळते, मीठ तळाशी राहते. चिलीतल्या लास सालिनास इथे १८७२ मध्येच खाणवस्तीसाठी असे मोठे केंद्र उभे राहिले होते. यंत्र जुनेच, आकडा मात्र नवा होता. सिम्युलेशनने उत्तर दिले होते, एका चौरस मीटरला दिवसाला ११ लिटर. हा आकडा घेऊन तो गावच्या बैठकीत वर्गणी मागणार होता.

आकडा येतो कुठून, ते समजून घेऊ. कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्समध्ये, म्हणजे सीएफडीमध्ये, पेटीतली जागा हजारो बारीक कप्प्यांत वाटतात आणि प्रत्येक कप्प्यात वस्तुमान, संवेग व ऊर्जेचा हिशोब मांडतात. कप्प्यात पाणी किती आणि वायू किती, हे ठेवण्याची एक रूढ पद्धत हर्ट आणि निकोल्स यांनी १९८१ मध्ये मांडली. पाण्याची वाफ किती वेगाने व्हावी, यासाठी ली यांचे १९८० चे सूत्र सर्रास वापरतात. कप्प्याचे तापमान संपृक्त तापमानाच्या वर गेले की वाफ, खाली आले की पाणी. वेग ठरतो एका गुणांकाने. हा गुणांक निसर्गाने दिलेला स्थिरांक नाही. वेगवेगळ्या शोधनिबंधांत तो ०.१ पासून लाखांपर्यंत घेतलेला आढळतो. म्हणजे उत्तर हवे तसे येईपर्यंत तो फिरवता येतो.

दुसरी गोम तापमानाची. साध्या दाबाला पाणी १०० अंशांना उकळते, पेटीतले पाणी मात्र ६० अंशांच्या आसपास असते. १०० लिहिले तर या सूत्रात एक थेंबही उडत नाही, म्हणून मुलाने हाताने ५० लिहिले. खरे तर पेटीत उकळणे नसतेच. ६० अंशांच्या पाण्यावर वाफेचा दाब सुमारे २० किलोपास्कल, ४० अंशांच्या काचेपाशी साधारण ७.४. या फरकामुळे वाफ हवेतून वाट काढत काचेकडे जाते. हवा आणि वाफेचे मिश्रण ज्या मांडणीत नाही, ती मांडणी या पेटीची नव्हेच.

आमच्या विषयात याला नाव आहे. ज्या प्रश्नावलीत उत्तर आधीच पेरलेले असते, तिचा निष्कर्ष आम्ही पाहणी म्हणून स्वीकारत नाही. मग इथे का स्वीकारावा?

आम्ही वहीवर हिशोब केला. आपल्याकडे चांगल्या उन्हाच्या दिवशी एका चौरस मीटरवर सुमारे २० मेगाज्यूल ऊर्जा पडते. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २.४ मेगाज्यूल लागतात. एक कणही वाया गेला नाही, तरी ८ लिटरच्या फार पुढे जाता येत नाही. ११ लिटरची ऊर्जा आली कुठून? त्याने तळाचे तापमान ६० अंशांवर कायम धरले होते. म्हणजे सूर्याऐवजी न विझणारी चूल लावली होती.

तो म्हणाला, “दादा, कॉलेजात हेच चालतं. गाईडची सही पण झाली.”

आम्ही म्हणालो, “सहीने पाणी वाढत नाही रे. गावात काय सांगशील?”

त्याने ओपनफोमवर काम नव्याने मांडले. हे सॉफ्टवेअर २००४ पासून मुक्त आहे. परवान्याचे पैसे लागत नाहीत आणि आतले सूत्र उघडून वाचता येते. ज्याचे अचूक उत्तर गणिताने माहीत आहे, असा स्टेफनचा प्रश्न आधी सोडवून त्याने मांडणी तपासली. तळाला तापमानाऐवजी उन्हाची ऊर्जा दिली. उत्तर ३ लिटरच्या आसपास आले. गच्चीवर ठेवलेल्या पेटीनेही तेवढेच दिले.

फरक केवळ आकड्याचा नाही. पाच माणसांच्या घराला पिण्यासाठी रोज १२ लिटर धरले, तर ११ च्या हिशोबाने जवळपास एका पेटीत भागते. ३ च्या हिशोबाने चार पेट्या लागतात. खोट्या आकड्यावर वर्गणी दिलेले घर पुन्हा कुणाच्याही विज्ञानावर विश्वास ठेवणार नाही, आणि त्याचा दोष त्या घराला देता येणार नाही. बैठकीत त्याने ३ लिटर सांगितले. काहीजण उठून गेले, दोन घरांनी पेट्या करायचे ठरवले. आमच्या मते ती दोन घरे वर्गणीच्या मोठ्या रकमेपेक्षा मोलाची आहेत.

मित्रहो, तुमच्यातले अनेकजण आज इंजिनिअर होत आहेत. सिम्युलेशन अवश्य शिका, ते मोठे साधन आहे. पण कुणीही रंगीत चित्र दाखवले, मग ते स्वतःचे असले तरी, तीन गोष्टी विचारा. गुणांक कुठून आणला? ऊर्जेचा हिशोब जुळतो का? प्रत्यक्ष मोजून पाहिले का? उत्तर मिळेपर्यंत मान डोलवू नका.