शिलाईंतील माया

परंड्यासारख्या तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्या माणसानें भारी कपडे करावेत कीं नाहीं, ह्याविषयीं मतभेद होऊं शकेल. पण एकदां केले म्हणजे ते टिकविण्याची विद्या त्याला आली पाहिजे, ह्याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. पुण्यामुंबईच्या गृहस्थाला एका दुकानानें नाहीं म्हटलें तर दुसरें सांपडतें. आम्हांला बार्शी गांठावी लागते, आणि बार्शीनें हात टेकले म्हणजे सोलापूर. त्यामुळें चांगलें काम असलें कीं तें बाहेरगांवीं पाठवावयाचें, अशी येथील सुशिक्षित घरांची रीतच पडून गेली आहे. कदाचित् ही खोड जुनीच असावी. मुलूख मैदान ही प्रचंड तोफ १५४९ सालीं अहमदनगरास ओतली गेली, कांहीं काळ आमच्या किल्ल्यावर राहिली आणि १६३२ सालीं विजापुरास गेली. परत आली नाहीं. चांगली वस्तु गांवाबाहेर पाठविली असतां काय होतें, ह्याचा हा आमच्या इतिहासांतील वस्तुपाठ.

आमच्या घरांत लहानमोठीं मिळून सतरा माणसें आहेत, त्यांत पुरुष सात. बायकांच्या कपड्यांची काळजी बायका घेतात. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होतात, उरलेलें बोहारणीकडे जातें. पुरुषांच्या कपड्यांची काळजीहि पुष्कळशी बायकाच घेतात, हें मी येथें मुद्दाम लिहून ठेवतों. बटण तुटलें कीं सदरा खुंटीवर टांगून ठेवावयाचा आणि दुसऱ्या दिवशीं तें बटण आपोआप लागलेलें आढळावयाचें, अशी एक चमत्कारिक समजूत आमच्या पुरुषवर्गांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. परंतु कोटाची बाही, पाटलोणीची बैठक, जोड्याचा तळ हीं कामें घरगुती सुईच्या आटोक्याबाहेरचीं. त्यांसाठीं कसबी माणूस हवा, आणि तो ओळखतां आला पाहिजे.

गेल्या वर्षीं माझ्या पुतण्याचें लग्न ठरलें. तो पुण्यास इंजिनिअर आहे. लग्नांत आपण आजोबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, शेरवानी घालणार असें त्यानें जाहीर केलें. वाचकांपैकीं पुणें-सातारकडील मंडळींना ब्राह्मण वकिलाची शेरवानी ऐकून नवल वाटेल. पण आमचा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. कचेरीची भाषा उर्दू, आणि कचेरींत जाणाराचा पोशाख शेरवानी. घरीं सोंवळें आणि कोर्टांत शेरवानी, ह्यांत आजोबांना कांहीं विसंगत वाटलें असेल असें दिसत नाहीं. संस्थान विलीन झालें आणि ती काळ्या गरम कापडाची शेरवानी पेटींत गेली. दर दसऱ्याला ऊन दाखवावयाचें, डांबराच्या गोळ्या बदलावयाच्या, आणि परत ठेवावयाची. तरीहि तिला कसर लागलीच. डाव्या बाहीवर तीन आणि खिशाखालीं एक, अशीं ज्वारीच्या दाण्याएवढीं चार भोकें पडलीं होतीं. शिवाय पुतण्याची छाती आजोबांपेक्षां चांगली दोन इंचांनीं रुंद.

घरांतील मंडळींनीं प्रघाताप्रमाणें ती एका मोठ्या शहरांतील मोठ्या दुकानांत पाठविली. तीन आठवड्यांनीं ती परत आली ती ‘काम होणार नाहीं’ अशा चिठ्ठीसह, आणि सातांपैकीं एक बटण हरवून. दुकानाचें नांव सांगत नाहीं. तेथील काउंटरवरील मुलानें कधीं सुई हातांत धरली नसावी, ह्यापलीकडे त्याचा दोष नव्हता.

मग मी ती शेरवानी घेऊन आमच्या गांवच्याच एका मास्टरांकडे गेलों. वय अठ्ठ्याहत्तर. दुकान म्हणजे घराच्या पुढील दाराची चौकट आणि तींत मावेल एवढें पायमशीन. आजकाल हातांत काम म्हणजे शाळेचे गणवेश आणि तयार पाटलोणी आंखूड करणें. त्यांनीं शेरवानी हातांत घेतली, पण भोकांकडे पाहिलेंच नाहीं. तिची आंतली बाजू वर केली, अस्तराची कडेची शिवण दोन बोटें उसवली आणि आंत पाहिलें.

“माया आहे,” मास्टर म्हणाले, “भरपूर आहे. दोन काय, तीन इंच वाढवून देईन.”

शिवणींत दाबून ठेवलेल्या जास्त कापडाला आपल्याकडे माया म्हणतात, हें ज्यांनीं कधीं शिंप्याकडून कपडे शिवून घेतले आहेत त्यांना ठाऊक असेलच. पूर्वीं कपडा एका माणसासाठीं शिवला जात नसे. त्या माणसाच्या वाढत्या पोटासाठीं, आणि मागाहून त्याच्या मुलासाठींहि शिवला जाई. आजच्या तयार कपड्याच्या कडा ओव्हरलॉक यंत्रावर एकाच झपाट्यांत कापल्या आणि बांधल्या जातात; आंत अर्धा बोटभरहि कापड उरत नाहीं. म्हणून कपडा विकत घेतांना मी प्रथम तो उलटा करून पाहतों. पाटलोणीच्या मागील मधल्या शिवणींत इंचभर माया असेल, पायाची दुमड दोन इंचांची असेल, तर तो कपडा पुढें दुरुस्त होऊं शकतो. नसेल तर त्याची किंमत कितीहि असो, तो दोन वर्षांचा पाहुणा.

रफूचें काम मीं जवळ बसून पाहिलें. नवा धागा मास्टरांनीं वापरला नाहीं. खालच्या दुमडीच्या आंतून त्याच कापडाचे धागे एकेक करून ओढून काढले, म्हणजे रंग आणि पीळ जुळण्याची चिंताच नको. मग भोंकाच्या कडेपासून पाव इंच अलीकडे सुई घालून प्रथम उभे धागे भरले आणि त्यांतून आडवे, एक वरून एक खालून, मागावर विणल्याप्रमाणें. ठिगळ हें कापडावर असतें. रफू कापडांत असतें. उत्तरेंत नजीबाबादेकडे पिढ्यान् पिढ्या हेंच काम करणारीं घराणीं आहेत आणि काश्मिरी शालींचीं भोकें भरण्याबद्दल त्यांची ख्याति आहे. आमचे मास्टर तसल्या घराण्यांतले नव्हेत. ते वडिलांजवळ शिकले, आणि वडील कोणाजवळ शिकले हें त्यांना माहीत नाहीं.

काम सकाळीं सात ते अकरा एवढ्याच वेळांत होई. डोळ्यांत मोतीबिंदू उतरूं लागला आहे. सुईंत दोरा नात ओवून देते. चार भोकांना सहा सकाळी लागल्या. अखेरच्या दिवशीं मास्टर म्हणाले, “गुरुजी, काळ्यावर काळं हें माझं शेवटचं. पांढऱ्यावर पांढरं अजून करीन.”

एक गोष्ट मात्र घरीं सांगावी कीं नाहीं, ह्याचा मला विचार पडला होता. ही शेरवानी खास हैदराबादेस शिवली, असें आमच्या घरांत तीन पिढ्या अभिमानानें सांगितलें जातें. मास्टरांनीं कॉलर उसवली तेव्हां कडकपणा यावा म्हणून आंत घातलेला कपडा बाहेर आला. हैदराबादच्या शिंप्यानें तेथें चांगलें कॅनव्हास घातलें असतें, असें मास्टरांचें म्हणणें. येथें निघालें जाडेंभरडें पासोडीचें कापड, खळ लावून ताठ केलेलें. “हें काम हैदराबादचं नव्हे. इथलंच कुणीतरी केलंय. पण हात फार चांगला होता,” असा त्यांनीं निकाल दिला. मीं घरीं सांगितलें. वहिनींना वाईट वाटलें; पुतण्याला मात्र ही नवी हकीकत जुनीपेक्षां अधिक आवडली.

आतां जोड्यांकडे वळतों. चांगला जोडा कोणता, हें ओळखणें कपड्याहून सोपें आहे. तळाची कड पाहावी. तेथें सभोंवार वेल्टची पट्टी असून तिच्यांतून तळ शिवलेला असेल, तर तो तळ उसवून नवा लावतां येतो, एकदां नव्हे तर चारपांच वेळां. नुसता चिकटविलेला असेल तर एखादे वेळीं लावतां येतो. आणि तो फुगीर, हलक्या पॉलियुरेथेनचा असेल तर देवाचें नांव घ्यावें. हवेंतील दमटपणा शोषून तो आंतल्या आंत कुजतो, आणि पेटींत जपून ठेवलेला जोडा चारपांच वर्षांनीं पायांत घालून उठलें कीं तळ चुऱ्यासारखा गळून पडतो. जपून ठेवल्यानें नासणारी वस्तु माणसानें निर्माण करावी, ह्याचें मला राहून राहून आश्चर्य वाटतें.

कारागिराची परीक्षा करण्याची माझी एक पद्धत आहे. पहिल्या भेटींतच उत्तम जोडा त्याच्या पुढें टाकूं नये. कमरेचा पट्टा किंवा वहाणेचा तुटका अंगठा द्यावा आणि तेथेंच बसावें. दोऱ्याला तो मेण लावतो कीं नाहीं, आरीनें पाडलेलीं भोकें सारख्या अंतरावर येतात कीं नाहीं, रापी अधूनमधून दगडावर घासतो कीं नाहीं, हें पाहावें. पण सर्वांत मोठी खूण निराळी. तो केव्हां नाहीं म्हणतो तें ऐकावें. प्रत्येक कामाला ‘होतंय’ म्हणणारा माणूस मला भीतिदायक वाटतो.

आमच्या गांवीं बसथांब्याच्या वाटेवर जे बसतात त्यांना सगळा गांव तात्या म्हणतो. गटईकाम करणारांस समाजकल्याण खात्याकडून पत्र्याचा स्टॉल मिळण्याची योजना आहे, त्यांतून त्यांना स्टॉल मिळाला. पण उन्हाळ्यांत पत्रा तापतो म्हणून ते बाहेर झाडाखालींच बसतात आणि स्टॉलांत सामान ठेवतात. माझे वडिलांच्या वेळचे तपकिरी जोडे मीं त्यांच्यापुढें ठेवले तेव्हां त्यांनीं ते वांकवून पाहिले, तळाला नख लावलें आणि म्हणाले, “वरचं कातडं अजून धा साल जाईल. तळ नवा घालूं. पण हितली सोल नको, बार्शीहून चामडं आणाया लागंल. घाई असली तर दुसरीकडं जा.” मला घाई नव्हती. बारा दिवस लागले. अडीचशे रुपये मागितले. मीं चारशें दिले तेव्हां त्यांनीं शंभर परत केले. उरलेले पन्नास ‘चहाचे’ म्हणून ठेवले.

कोल्हापुरी वहाणांविषयीं वर्तमानपत्रांत फार चर्चा चालली होती तेव्हां मी त्यांच्याकडे बसलों होतों. २०२५ च्या जूनमध्यें इटलींतील प्राडा कंपनीनें मिलान येथील प्रदर्शनांत तशाच वहाणा मांडल्या, आणि मूळ कोठलें हें सांगितलें नाहीं म्हणून ओरड झाल्यावर तें मान्य केलें. ह्या वहाणांना २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे, आणि त्यांत कोल्हापूर, सांगली, साताऱ्याबरोबर आमच्या शेजारचा सोलापूर जिल्हाहि आहे. मीं हें सर्व तात्यांना मोठ्या उत्साहानें वाचून दाखविलें. बाभळीची साल आणि हिरडा ह्यांनीं कमावलेलें कातडें, खिळा न वापरतां चामड्याच्याच वादीनें घातलेले टांके, हें वर्णन ऐकून ते म्हणाले, “कातडं कमावायचा वास त्या पेपरांत येतो का, गुरुजी?”

त्यांचे आजोबा आमच्या घरचे बलुतेदार होते. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांच्या १९१५ सालच्या ‘गांवगाडा’ ह्या पुस्तकांत त्या व्यवस्थेचें वर्णन आहे. मोट, चाबूक, वहाणा सांधून द्यावयाच्या आणि सुगींत धान्य घ्यावयाचें. पुस्तकांत तें वाचणें निराळें. तात्यांनीं आजोबांकडून ऐकलेलें असें: आमच्या वाड्याच्या पायऱ्यांखालीं उभें राहावयाचें, जोडा वरून पडे तो झेलावयाचा, आणि शिवून आणला कीं खालच्या पायरीवर ठेवून मागें सरावयाचें. मग त्यावर पाणी शिंपडून कोणी तो आंत नेई. अस्पृश्यतेचें उच्चाटन घटनेनें १९५० सालीं केलें. आमच्या पायऱ्यांपर्यंत तें पोंचावयास आणखी वर्षें गेलीं, हें मीं लहानपणीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. तात्यांनीं हें सांगितलें तें रागानें नव्हे, हातांतील काम चालू ठेवून. त्या वेळीं मी त्यांच्या शेजारीं डब्यावर बसलों होतों.

“मुलाला शिकवलंत का हें?” असें मीं विचारलें. मला वाटलें होतें कीं पोरानें ऐकलें नाहीं, असें उत्तर येईल. ते म्हणाले, “त्याला रापीला हात लावूं दिला न्हाई. मीच.” मुलगा आय. टी. आय. होऊन पुण्याजवळ कारखान्यांत आहे.

आमच्यासारख्या घरांतून ‘जुने कसबी आतां मिळत नाहींत’ अशी हळहळ नेहमीं ऐकूं येते; मीहि ती केली आहे. परंतु आमचे जोडे टिकावेत म्हणून त्यांच्या नातवानें झाडाखालीं बसावें, असें म्हणण्याचा हक्क कोणत्या तोंडानें सांगावा? तात्यांनीं ही विद्या आपल्या घरांत थांबविली ती विचारपूर्वक. एवढेंच खरें कीं, नवा कोणी शिकला तर तो आपल्या खुशीनें, चांगल्या छपराखालीं आणि चांगल्या मजुरीवर शिकला पाहिजे. आणि तसें व्हावयाचें तर दोन हजारांच्या जोड्याला शंभर रुपयांची दुरुस्ती जड वाटणाऱ्या आमच्या हिशेबालाच आधीं ठिगळ लावावें लागेल.

लग्न पार पडलें. शेरवानीचें हरवलेलें सातवें बटण मास्टरांनीं आंतल्या बाजूचें जास्तीचें काढून पुढें लावलें होतें. तें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. तात्या येत्या दिवाळीनंतर मुलाकडे राहावयास जाणार आहेत. तोंपर्यंत जेवढें काम असेल तेवढें आणा, असा त्यांचा निरोप आल्यावर सूनबाईंनीं घरांतले सगळे जोडे ओसरीवर काढले. अकरा जोड भरले. तीन पॉलियुरेथेनचे म्हणून मीं बाजूला केले, उरलेल्या आठांत तिनें नांवांच्या चिठ्ठ्या घातल्या आहेत. उद्यां सकाळीं दोन पिशव्या घेऊन मी आणि धाकटे बंधु जाणार आहों.