पाठचा वारा

पहाटे साडेचारला चेन्नईतल्या तिरुवान्मियूरहून आम्ही अकरा जण सायकलने निघालो. जानेवारी महिना, ईशान्येचा वारा पाठीशी. ईसीआरवर, म्हणजे ईस्ट कोस्ट रोडवर, पाय नुसते फिरत होते. आपण फारच तयार झालोय, असं वाटायला लागलं. मुट्टुकाडूच्या पुलावर खाडी अजून काळीच होती. महाबलीपुरमला पोंगल, वडा, फिल्टर कॉफी. कांदेपोह्यांची आठवण आली खरी, पण तोवर दुसरा वडा संपला होता.

सद्रसच्या डच किल्ल्यापाशी सायकली वळवल्या आणि साठेक किलोमीटरचं बिल समोर आलं. तोच वारा, आता थेट छातीवर. ब्रिटन सायकलने ओलांडणारे बहुतेक जण लँड्स एंडहून जॉन ओ'ग्रोट्सकडे जातात, साधारण १४०० किलोमीटर. तिथला वारा बहुधा नैर्ऋत्येचा, म्हणजे पाठीशी. शहाणे लोक! आमचं घर मात्र उत्तरेला.

ओळीतले सगळ्यात वयस्क अण्णा पुढे झाले, हाताने मागे यायची खूण केली. त्यांच्या चाकामागे हातभर अंतरावर डोकं खाली घालून राहिलो. तासभर फक्त त्यांचा मीठ वाळलेला शर्ट पाहिला.

आता घरी पोटऱ्यांत गोळे आलेत. खिडकी वाऱ्याने आपटतेय, उठवत नाही.