श्तातोल

श्ता म्हणजे मेण. तोल म्हणजे आग. दोन्ही शब्द शेजारी ठेवले की तू.

तुला मी पाहिलेलं नाही. वीज गेलेल्या संध्याकाळी तुझं नाव तेवढं तोंडात घोळवत बसते.

रशियातल्या सुरा नदीच्या मुलखातली एर्झ्या लोकांची गावं. कुणाच्या तरी लाकडी घरात तू वर्षभर न पेटता पडून असायचीस.

गप्प. जड.

आणि मग ओझ्क्सचा, प्रार्थनेचा दिवस उजाडला, पितरांना हाक गेली, की लिंडेनच्या मोहरावर पोसलेल्या माश्यांनी घडवलेलं, झाडाच्या ढोलीतल्या पोळ्यातून निघालेलं पिवळं मेण तुझ्या जुन्या मेणावर चढायचं, आज्याच्या मेणावर नातवाचं, गेलेल्यांच्या मेणावर असलेल्यांचं, आणि तशीच काळवंडत, बोटांचे ठसे अंगावर घेत, काजळीचा वास पदरात बांधून तू एका उंबऱ्यावरून दुसऱ्या उंबऱ्यावर जायचीस.

मेणबत्ती जळते तशी सरते. तू वर्षागणिक भरत गेलीस.

तिकडे मधमाशीला मेक्श म्हणतात. आपल्या मक्षिकेच्याच गोतातला शब्द. कधी काळी, स्तेपीच्या कुठल्या कडेला, कुणाच्या ओठांवरून कुणाच्या ओठांवर गेला असेल तो! मधाचंही तसंच, मेद्. मेणाला मात्र आपण मेण म्हणतो, ते श्ता. म्हणून तर तुला हाक मारताना मी अडखळते.

१९९९ सालापासून चुकाली गावापाशी रास्केन ओझ्क्स, सगळ्या एर्झ्यांच्या प्रार्थनेचा मेळा, पुन्हा भरतो. भरतकामाचे पांढरे अंगरखे, मोकळं आभाळ, गर्दी. तिथे तुझ्याच नावाची मोठी ज्योत लागते. लागू दे. तिच्याकडे पाहून कुणाचे डोळे भरत असतील, तर मी कोण बोलणार?

मला आठवते ती, मी न पाहिलेली. अंधारात, दोन घरांच्या मधल्या वाटेवर, कुणाच्या तरी छातीशी धरलेली, विझलेली तू.

एका वर्षी कुणीतरी तुला पुसून दारात ठेवलं असेल. पुढच्या घरचं माणूस न्यायला येईल म्हणून कान देऊन उभं राहिलं असेल. बर्फावर पाऊल वाजलं नसेल.

दार लोटून घेतलं असेल मग, हळूच.

आत, अंधारात, मेणाला मधाचा वास.