विधवेचा अर्ज



लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातली विधवा आपल्या परिचयाची आहे. प्रार्थनेत चिकाटी धरावी, हा तिचा धडा आपण लहानपणापासून ऐकतो. पण ती त्या न्यायाधीशाकडे भिक्षा नव्हे, न्याय मागत होती, हे आमच्या डोक्यात शिरले ते डिचोली तालुक्यातल्या शिरगावात.

लईराईच्या जत्रेचे आणि लोहखाणींचे हे गाव. तिथल्या एका आजींकडे आम्ही दर महिन्याला तांदूळ-डाळ पोहोचवायचो. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे त्यांचे महिना 2,000 रुपये खात्यात यायचे थांबले होते. दर भेटीत त्या तेच सांगायच्या, आणि आम्ही "प्रार्थना करू हां आजी" म्हणून निघायचो. एकदा त्यांनी पिशवी घेतलीच नाही. म्हणाल्या, "तांदूळ असूं दे रे बाबांनो. माझे पैसे कशाला थांबले, तें विचारून या."

खरे सांगायचे तर आम्हाला राग आला. मग लाज वाटली. पिशवी द्यायला अर्धा तास पुरतो, वर आशीर्वाद मिळतो. कचेरीच्या रांगेत दिवस जातो आणि मिळते ते "उद्या या".

गरिबीमुळे कोणी न्यायाला मुकू नये, असे आपल्या संविधानाचे कलम 39अ सांगते. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा. त्याखाली स्त्रिया, मुले, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे करायचा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे, ते लिहून घेतात. 15100 हा फोन क्रमांकही आहे. इतकी वर्षे सेवा करून आम्हाला यातले काही ठाऊक नव्हते!

वकीलबाईंनी कागद पाहिले. आधारवर एक नाव, बँकेच्या पुस्तकात दुसरे, आणि हयातीचा दाखला दिलेलाच नाही. त्यांनी अर्ज लिहून दिला. आम्ही आजींना घेऊन तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला खिडकीवरचा माणूस आजींना पाहूनच उठला. लूकमधला न्यायाधीशही शेवटी तिच्या येण्याजाण्यालाच कंटाळला होता, नाही का?

पैसे सुरू झाले. मागचे हप्ते अजून यायचे आहेत, म्हणून सोमवारी पुन्हा जायचे आहे. रविवारी मिस्सानंतर आम्ही सभागृहात बसू. ज्यांचे काही अडले असेल त्यांनी आधार, बँकेचे पुस्तक आणि आलेली पत्रे घेऊन यावे. शेजारच्या हिंदू घरांतही सांगा. आणि चष्मा विसरू नका.