गाळाची साक्ष

सरकारी चाकरीत माणसाचे गाव बदलते, भोवतालची बोली बदलते. पण पायांखालची माती वाचण्याचा छंद एकदा जडला, की कोणतेही गाव सर्वस्वी परके राहत नाही. उतईच्या परिसरात तर या विद्येचे गुरू बांधाबांधावर भेटतात. उंचवट्यावरची खडेमिश्रित तांबडी जमीन ती ‘भाठा’, तिच्याखाली ‘मटासी’, मग ‘डोरसा’ आणि अगदी सखलातली काळी चिकण ती ‘कन्हार’, अशी उतरंड येथील शेतकरी सहज सांगतो. जाडेभरडे ते वर ठेवावे आणि बारीक ते खाली न्यावे, हा पाण्याचा स्वभाव त्या चार शब्दांत साठवला आहे.

प्रागैतिहासिक तळ्याकाठच्या वस्त्यांचा उलगडाही याच स्वभावावरून होतो. संथ पाण्याच्या तळाशी बारीक चिकणमाती पापुद्र्यापापुद्र्याने बसते. पाण्याला ओढ असली म्हणजे रेती येते. मातीत चुनखडीचे कंकर आढळले, तर ओल आणि कोरड आलटूनपालटून येत असली पाहिजे. दगडी हत्यारे सापडली, की संशोधक आधी विचारतो : ही माणसाने येथेच टाकली, की पाण्याने वाहून आणली? धारा बोथटलेल्या असतील, तर प्रवास घडला असे समजावे. उलट धारदार हत्यारांशेजारी ती घडविताना उडालेल्या बारीक कपच्याही असतील, तर कारागीर तेथेच बसला होता. कारण प्रवाह प्रथम कपच्याच पळवितो.

डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी गुजरातेत मेहसाणा भागातील लांघणज येथे उत्खनन केले. या शोधकार्यात इरावतीबाई कर्वेही सहभागी होत्या. वाळूच्या टेकाडावर सूक्ष्म दगडी हत्यारे, मानवी सांगाडे आणि गेंड्याचीही हाडे मिळाली. झॉयनर यांनी या प्रदेशातील थरांचा अभ्यास करून १९५० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. वाळूत गाडला गेलेला जुन्या मातीचा थर सांगतो, की मध्यंतरी वारा निवला, गवत रुजले, भूमी स्थिरावली. टेकाडांमधल्या खोलगटात पाणी साठे, आणि त्या पाण्यासाठी जनावरे व माणसे दोघेही येत.

आज गावोगावचे तलाव यंत्रांनी उपसले जातात. येथील बहुतेक तलाव माणसांनीच खोदलेले आहेत आणि गाळ काढणे हे पुण्यकर्मच आहे. परंतु जेथे मुळातच नैसर्गिक खोलगट आहे, तेथे यंत्र गाळाखालच्या थरांतही शिरते. थरातून निसटलेले हत्यार सुंदर असले तरी मुके होते; कोणत्या काळी, कोणत्या पाण्याकाठी, हे ते मग कोणालाच सांगू शकत नाही. अशा कामांच्या कागदांवर आपल्यापैकी कित्येकांच्या सह्या असतात. सही करणाऱ्याने एकवार काठावर जाऊन कापलेली कड पाहावी. घडविलेला दगड दिसला, तर तो तेथेच राहू द्यावा आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. एका दिवसाच्या विलंबाने तलावाचे काही बिघडणार नाही. गाळ काय, पुन्हा साचेल; उकरून टाकलेला थर मात्र पुन्हा कोणी रचू शकणार नाही.