दोन वाघिणींमधला माणूस

शंटिंग म्हटले की पुष्कळांना फलाटावरची चिडचिड आठवते. गाडी सुटायची वेळ टळून गेलेली, आणि इंजिन मात्र उगाच पुढे-मागे करीत असते. त्या 'उगाच'मध्ये केवढे गणित दडलेले आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर संगणकावरच्या एका खेळाने दाखवले.

'मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर' हा खेळ २००१ साली आला. पुढे हौशी मंडळींनी 'ओपन रेल्स' ही मोफत प्रणाली तयार केली. तिच्यात या जुन्या खेळाचे मार्ग आणि गाड्या चालतात. पुतण्याने दोन्ही घरच्या संगणकावर बसवून दिले. गाडी हाकण्याची हौस महिन्याभरात फिटली. मग लक्ष गेले ते मूळ खेळाबरोबर आलेल्या 'ॲक्टिव्हिटी एडिटर'कडे. इथे प्रसंग आपणच रचायचा. कोणत्या सायडिंगमध्ये कोणत्या वाघिणी उभ्या आहेत, इंजिन कुठून निघेल, काय उचलायचे, कुठे सोडायचे, कोणत्या क्रमाने गाडी जोडायची, सारे आपण ठरवायचे. खेळणाऱ्याने 'जी' ही कळ दाबून पुढचा सांधा बदलायचा, शिफ्टसह दाबून मागचा, आणि काम पुरे करायचे.

प्रश्नपत्रिका काढण्यात तीस वर्षे गेली असल्यामुळे हा उद्योग मला परका वाटला नाही. उत्तर येणे वेगळे आणि प्रश्न काढता येणे वेगळे, हे प्रत्येक शिक्षक जाणतो.

या विद्येचा श्रीगणेशा करायचा तर 'इंगलनूक सायडिंग्ज'पासून करावा. ॲलन राइट या ब्रिटिश हौशी मॉडेलकाराने हे कोडे टेबलावर मावणाऱ्या छोट्या रुळांसाठी रचले. एका मुख्य रुळाला तीन बंद लाइनी फुटतात. एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. पुढच्या टोकाला इंजिन आणि तीन वाघिणी उभ्या राहतील एवढाच रूळ. वाघिणी एकूण आठ. चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या पाच निवडायच्या आणि चिठ्ठ्यांच्याच क्रमाने लांब लाइनीत जोडून दाखवायच्या. आठातून पाच वाघिणी क्रमाने निवडण्याचे प्रकार होतात ६,७२०. म्हणजे रोज एक सोडवला तरी अठरा वर्षे पुरतील!

मी संगणकावर सेटल–कार्लाइल मार्गावरच्या एका लहानशा स्थानकात अशीच मांडणी केली. लांब लाइनीत पाच वाघिणी, एका आखूड लाइनीत तीन, आणि तिसरी लाइन रिकामी. हवी ती वाघीण नेमकी आतल्या बाजूला असते. तिच्या पुढच्या दोन काढायच्या तर त्या ठेवायच्या कुठे? रिकाम्या लाइनीत. पण तिथे ठेवल्या की पुढच्या चालीसाठी एकाच वाघिणीची जागा उरते. कोड्याची सारी मेख इथे आहे. वाघिणी वाढवल्याने प्रसंग चांगला होत नाही. रिकामी जागा किती आणि कुठे ठेवली, यावर तो तोलला जातो. जागा जास्त झाली तर पोरखेळ होतो, कमी झाली तर यार्ड कायमचे तुंबते. शाळेचे वेळापत्रक ज्याने आखले आहे, त्याला एका रिकाम्या तासाचे मोल सांगावे लागत नाही.

प्रसंग तयार झाल्यावर पुतण्याने तो अकरा मिनिटांत सोडवला. मग मी तो दादांसमोर ठेवला. आमचे दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. सांधेवाला म्हणून रेल्वेत लागले आणि शंटिंगच्याच कामात निवृत्त झाले. चष्मा पुसून त्यांनी पडद्याकडे पाहिले. इंजिन हळूच वाघिणीला टेकले आणि दोन्ही आपोआप जोडले गेले. दादा म्हणाले, "अरे, तुझ्या खेळात माणूस कुठं आहे?"

मग ते बोलत राहिले. त्यांच्या सुरुवातीच्या काळात चारचाकी वाघिणींना स्क्रू-कपलिंग असे. इंजिन टेकले की माणसाने वाकून दोन बफरांमध्ये शिरायचे, जड साखळी उचलून हुकात अडकवायची आणि स्क्रू आवळायचा. तो बाहेर येईपर्यंत इंजिन तसूभर हलता कामा नये. ड्रायव्हर तेलुगू, गार्ड कानडी, सांधेवाला मराठी. पण दिवसा झेंडा आणि रात्री हातबत्ती, याचे भाषांतर कुणाला करावे लागले नाही. एका पावसाळी रात्री एका यार्डात इशारा मिळण्याआधीच इंजिन हलले आणि दादांच्या सोबत्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. इतक्या वर्षांत दादांनी ही गोष्ट घरात कधी काढली नव्हती.

ते कामही आता फारसे उरलेले नाही. १९८० नंतरच्या दशकात सुट्या वाघिणींची वाहतूक मागे पडत गेली आणि एकाच मालाच्या अख्ख्या गाड्या धावू लागल्या. नव्या वाघिणींना मध्यभागी आपोआप अडकणारे कपलर आले. बोटे वाचली, हे उत्तमच झाले. मात्र ज्या शहाणपणाने आठ-आठ तास यार्डे मोकळी ठेवली, ते कुठल्या पुस्तकात उतरले नाही. ते दादांसारख्यांच्या हातात राहिले.

दादा आता अधूनमधून माझे प्रसंग तपासून देतात. स्वतः खेळायला बसले की प्रत्येक जोडणीनंतर कळफलकावरचा हात उचलून घेतात आणि ओठांतल्या ओठांत काही मोजतात. दोन वाघिणींमध्ये गेलेला माणूस बाहेर यायला जितका वेळ लागेल, तितके ते मोजणे असते. मगच इंजिन हलते. पुतण्या हसतो, म्हणतो, "काका, तिथं कुणी नाहीये." दादा उत्तर देत नाहीत आणि मोजणेही अर्धवट सोडत नाहीत.

इंगलनूकच्या त्या प्रसंगाला त्यांना चाळीस मिनिटे लागली. प्रत्येक प्रसंगाला किती वेळ लागेल, हे एडिटरमध्ये रचणाऱ्यानेच लिहायचे असते. मी तिथे चाळीस मिनिटे लिहिली आहेत.