कारखान्याजवळच्या विहिरींचे नमुने

औद्योगिक वसाहतीभोवतीच्या खासगी विहिरींतून तपासणीसाठी पाणी घेणे हे भूजल प्रदूषणाच्या शोधातले पायाभूत काम आहे. सरकारी निरीक्षण विहिरी ठरावीक ठिकाणीच असतात. जमिनीत मुरलेले रासायनिक सांडपाणी मात्र वाटेत येणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याच्या विहिरीत उतरते, आणि ते पाणी प्यायले जाते, जनावरांना पाजले जाते, पिकाला दिले जाते. प्रस्तुत लेखकाने महाराष्ट्रातील बेसॉल्ट खडकाच्या भागात अशा नमुना-फेऱ्यांत काम केले आहे. पुढील विवेचन त्याच अनुभवावर आधारलेले आहे.

या कामाचे मोल राजस्थानातील बिछडी प्रकरणावरून कळते. उदयपूरजवळच्या या गावात १९८८ च्या सुमारास रंगनिर्मितीत लागणाऱ्या एच-ॲसिडचे उत्पादन सुरू झाले. सुमारे ३७५ टन मालामागे सुमारे २,४४० टन विषारी गाळ उरला आणि तो उघड्यावर टाकला गेला. पावसाबरोबर त्यातील रसायने जमिनीत मुरली, विहिरींचे पाणी काळपट झाले आणि ते माणसांच्याच काय, गुरांच्याही पिण्याजोगे राहिले नाही. उत्पादन लवकरच थांबले, तरी पाणी निवळले नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, तेथे पाहणी केली. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच त्याचा खर्च सोसावा, हे तत्त्व लागू केले. बिछडीचे प्रदूषण रंगामुळे डोळ्यांना दिसले. बहुतेक ठिकाणी ते दिसत नाही. क्रोमियम, शिसे किंवा विद्रावक मिसळलेले पाणी काचेसारखे स्वच्छ असू शकते, म्हणून नमुना शास्त्रशुद्ध असावा लागतो.

कामाची सुरुवात विहिरी निवडण्यापासून होते. नकाशावर कारखाना, सांडपाण्याचा नाला, गाळ साठवण्याची जागा आणि जमिनीचा उतार आखून घेतात. उताराच्या वरच्या अंगाची निदान एक विहीर यादीत हवीच, कारण त्या भागातले मूळचे पाणी कसे आहे हे तिच्यावरून ठरते. बेसॉल्टमध्ये पाणी वरच्या मुरमातून आणि खालच्या खडकातील भेगा-सांध्यांतून वाहते. त्यामुळे नाल्यालगतची विहीर चांगली आणि दूरची बिघडलेली, असेही आढळते. विहिरीच्या तळाजवळ आडवे बोअर मारलेले असतील तर ते कोणत्या दिशेला आणि किती लांब गेले, हे विचारून लिहून घ्यावे लागते. विहीर एका गटात आणि तिचे पाणी शेजारच्या गटाखालून येते, असा प्रकार या आडव्या बोअरमुळेच होतो.

दुसरी पायरी मालकाशी बोलण्याची. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ नुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाला विहिरीतून नमुना घेण्याचा अधिकार आहे. अभ्यासगटाला तसा अधिकार नसतो, तो मालकाच्या संमतीनेच आत येतो. कारखान्यात घरातले कोणी कामाला असेल, तर संमती देताना माणूस अडखळतो. जमिनीचा भाव पडेल, ही भीतीही असते. हे दडपण खरे असते आणि त्याचा मान राखावा लागतो. अहवालात नाव येणार का, निकाल कोणाला मिळणार, हे आधीच स्पष्ट सांगितले की बोलणे मोकळे होते.

घरच्यांची निरीक्षणे नोंदवहीत त्यांच्याच शब्दांत उतरवावीत. पाण्याचा वापर स्वयंपाकघरात होतो, म्हणून बायकांना विचारल्याशिवाय ही नोंद पुरी होत नाही. एका वस्तीवर आजींनी सांगितले की पूर्वी याच विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ मऊ शिजायची, आता शिजता शिजत नाही, आणि धुतलेल्या भांड्यांवर पांढरे डाग राहतात. ही वाढलेल्या क्षारांची खूण असते. क्षार कारखान्यातूनच आले, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. बदल कोणत्या सुमारास सुरू झाला, हे मात्र त्यातून कळते आणि कोणत्या तपासण्या करायच्या याची दिशा मिळते.

मग विहिरीचे निरीक्षण. कठडा आहे का, पावसाचे पाणी थेट आत जाते का, पाण्याची पातळी किती, हे पाहतात. पृष्ठभागावर तवंग असल्यास काडीने तो मोडून पाहतात. लोहजीवाणूंचा तवंग तुकडे होऊन तसाच राहतो, तेलाचा तवंग फिरून एकत्र येतो. तेलकट पदार्थ वर तरंगतात, तर क्लोरीनयुक्त विद्रावक पाण्यापेक्षा जड असल्याने खाली बसतात. त्यामुळे नमुना किती खोलीवरून घेतला, याची नोंद अत्यावश्यक ठरते.

बोअरमधले साचलेले पाणी खडकातल्या पाण्याचे प्रतिनिधित्व करत नाही. म्हणून आधी पंप चालू ठेवून जुने पाणी काढून टाकतात. सामू, तापमान आणि विद्युतवाहकता यांचे आकडे लागोपाठच्या वाचनांत स्थिर झाले की नमुना घेण्याची वेळ झाली असे समजतात. गावात शेतीपंपाची लाईट पाळीने येते, तेव्हा दिवसाचे वेळापत्रक लाईटच ठरवते. नमुना टाकीतून किंवा गाळणयंत्राच्या नळातून न घेता पंपाच्या तोंडाशी घेतात. उघड्या विहिरीतून तो पृष्ठभागाच्या थोडा खालून स्वच्छ साधनाने काढतात. घरचा पोहरा यासाठी वापरत नाहीत.

प्रत्येक तपासणीची बाटली वेगळी. धातूंसाठी प्लॅस्टिकची बाटली लागते. विरघळलेले धातू मोजायचे असतील तर पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढतात आणि सामू २ च्या खाली येईपर्यंत नायट्रिक आम्ल घालतात, म्हणजे धातू बाटलीच्या भिंतींना चिकटत नाहीत. जीवाणूंसाठी निर्जंतुक बाटली घेतात. उडून जाणाऱ्या विद्रावकांसाठी ४० मिलिलिटरची काचेची कुपी वापरतात. पाण्याची धार तिच्या कडेने हळूच सोडतात आणि पाणी काठावर फुगीर उभे राहिले की झाकण लावतात. मग कुपी उलटी करून बोटाने टिचकी मारतात. एक बुडबुडा जरी वर सरकताना दिसला तरी कुपी बाद, कारण विद्रावक त्या हवेत निघून जातो आणि प्रयोगशाळेत आकडा कमी येतो.

बाटलीवर गट नंबर, तारीख, वेळ, खोली आणि घेणाऱ्याची सही हवी. शुद्ध पाण्याने भरलेली एक कोरी बाटलीही सोबत फिरवतात. तिच्यात दूषक सापडले तर ते वाटेत शिरले, हे समजते. काही विहिरींचे दुहेरी नमुने घेतात. सगळे बर्फाच्या पेटीत ठेवतात आणि पेटी कोणाच्या हातून कोणाकडे गेली याचा कागद सोबत असतो. पुढे वाद उभा राहिला तर आकड्याइतकाच हा कागदही तपासला जातो.

निकालाची तुलना आयएस १०५०० : २०१२ या पिण्याच्या पाण्याच्या मानकाशी करतात. त्यात सामू ६.५ ते ८.५, एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसल्यास २,००० पर्यंत, नायट्रेट ४५, क्रोमियम ०.०५ आणि शिसे ०.०१ मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. नायट्रेट खतांतून आणि शौचखड्ड्यांतूनही येते, म्हणून एकट्या आकड्यावरून कारखान्याकडे बोट दाखवता येत नाही. उताराच्या वरच्या विहिरीत नसलेला आणि कारखान्याच्या प्रक्रियेत वापरला जाणारा पदार्थ खालच्या विहिरींत सापडला, तर मात्र संबंध भक्कम होतो. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर असे दोनदा नमुने घ्यावे लागतात, कारण पाऊस कुठे दूषके पातळ करतो, तर कुठे साठलेल्या गाळातून धुऊन खाली नेतो.

शेवटची पायरी निकाल मालकाला देण्याची. बहुतेक वेळा हीच राहून जाते आणि हा त्या कुटुंबावरचा अन्याय आहे. नुसता तक्ता हातात देणे पुरेसे नाही. हे पाणी पिण्यास, जनावरांस आणि पिकास चालेल की नाही, हे तिन्ही वेगवेगळे सांगावे लागते. उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत, उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. ब्लीचिंग पावडरचाही त्यांवर उपयोग नाही. पाणी पिण्याजोगे नसेल तर दुसरा स्रोत मिळेपर्यंत टँकरची मागणी ग्रामपंचायतीमार्फत कशी करायची आणि मंडळाकडे लेखी तक्रार कशी द्यायची, हेही त्याच भेटीत समजावून सांगावे. ज्या घराने विहीर उघडून दाखवली, त्या घरी निकालाची सही-शिक्क्याची प्रत पोहोचली म्हणजे नमुन्याचे काम पूर्ण झाले.